जमण्याच्या बेतातल्या आकाशगंगा

एकत्र यायला वेळ लागतो, हे विश्वाचं मूलभूत तत्त्व आहे. बाराशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड आमच्या संस्थेत पोचतो, तेव्हा त्यात आकाशगंगा नुकत्याच एकमेकींकडे सरकताना दिसतात. एक जरा थबकलेली, दुसरी तिच्या ओढीनं कललेली, तिसरी लांबून वाट काढत आलेली. अशी जमू घातलेली कुटुंबं शोधणं हे आमच्या विभागाचं काम. (एव्हाना ती जमलीही असतील. पण ते आमच्या अखत्यारीत येत नाही.)

विभागातल्या ताईंना अशा अकरा आकाशगंगा सापडल्या. पण नुसतं शेजारी दिसून भागत नाही. एक पुढे, तर दुसरी कोट्यवधी प्रकाशवर्षं मागे असू शकते. खरं अंतर मोजायला मोठ्या दुर्बिणीची एक रात्र लागते, आणि ती मंजूर करते पाच जणांची समिती. मुदत त्या दिवशी सहापर्यंत होती. रात्र हुकली, तर ताईंचं तीन वर्षांचं काम 'बहुधा' या शब्दावर संपणार होतं.

समिती अत्यंत कार्यक्षम आहे. अर्ज पाचही सदस्यांना पसंत होता. पाचही खोल्या एकाच मजल्यावर. नियम एवढाच, की होकार एकत्र बसून द्यायचा. (प्रत्येक सदस्य इतरांची वाट पाहत आपापल्या खोलीत वेळेवर हजर असतो.)

दुपारी ताईंच्या आईचा फोन आला. "अगं, जमल्या का तुझ्या त्या?"

"त्या जमतील गं. समिती जमत नाहीये."

"बरं, मग निदान जेवायला तरी ये."

साडेपाचला घरी निघालेल्या लोकांसकट लिफ्ट अडकली. आत नेमके पाचही सदस्य! ताई धावत जिना उतरल्या आणि दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाल्या, "सर, आता सगळे एकत्रच आहात. फक्त हो म्हणा!"

आतून अध्यक्षांचा आवाज आला, "तुमची तळमळ कळते, ताई. पण आम्ही नुसते एका ठिकाणी दिसतोय. एकमेकांची ओढ सिद्ध व्हायला नको का?"

"मग बोला ना एकमेकांशी!"

"सुरुवात कुणी करायची?" दुसरे सदस्य.

"रेंज येतेय का कुणाला?" तिसरे.

शास्त्रीयदृष्ट्या अध्यक्षांचं म्हणणं बिनचूक होतं. सव्वासहाला लिफ्ट सुटली, आणि सदस्य पाच दिशांना पांगले. (विश्व प्रसरण पावतं, याला आणखी काय पुरावा हवा?)

ताईंनी आता जवळची अंतरं मोजायला घेतली आहेत. त्याला दुर्बीण लागत नाही, मंजुरीही नाही. तुम्ही हे वाचत असताना मघाशी घरातलं कुणीतरी तुमच्याशी काही बोललं, आणि तुम्ही मान वर न करता "हं" म्हणालात. ते काय बोललं, आठवतंय?

नाही ना? ठीक आहे. मिळालं अंतर.