बाबांना कायमचा विसावा

बायबलातल्या दहा आज्ञांपैकी दोन आज्ञा एकाच दिवशी, एकाच फटक्यात पाळून दाखवणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात माझ्याशिवाय दुसरा नसेल! असं मी त्या शनिवारी म्हणालो होतो. बायकोला. चांगलं मोठ्यानं. आता म्हणत नाही.

मी गिदोन ओहोळ. नागापूरच्या एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढणं हा माझा धंदा, आणि घरी आल्यावर तोच छंद, असं आमच्या नॅन्सीचं म्हणणं. बायकोच ती, म्हणणारच!

माझे वडील एलीया ओहोळ. वय एकोणऐंशी. राहुरीच्या पुढं आमचं गाव आहे, तिथं त्यांची पिठाची गिरणी. आई गेल्यापासून एकटेच राहतात. पण मी त्यांना वाऱ्यावर सोडलेलं नाही बरं का! दर बुधवारी न चुकता फोन करतो. "बाबा, जेवलात का? गोळ्या घेतल्या का? बरं, ठेवतो." इतका नेमाचा मुलगा हल्ली कुठं बघायला मिळतो, तुम्हीच सांगा.

तर सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या मंडळीतले एक पंच, सुनीलभाऊ, चर्चच्या फाटकात मला गाठून म्हणाले, "गिदोन, गेल्या रविवारी राहुरीवरून येत होतो. तुझ्या वडिलांची गिरणी उघडी! शब्बाथाच्या दिवशी! दारात माणसांची ही गर्दी, आणि म्हातारा मधोमध बसलेला."

माझं तोंड एवढंसं झालं. मी संडेस्कूलचा सेक्रेटरी! मुलांकडून चौथी आज्ञा घोकून घेणारा! आणि माझाच बाप रविवारी दळतो?

त्या रात्री जेवताना मला एकदम सुचलं. चौथी आज्ञा सांगते, विसाव्याचा दिवस पाळा. पाचवी सांगते, आईबापांना मान द्या. मग बाबांची रविवारची गिरणी बंद करून त्यांना विसावा दिला, की चौथी झाली! आणि ते थाटामाटात, फ्लेक्स लावून केलं, की पाचवीही झाली! आणि म्हटलं, फक्त रविवारच का? एकोणऐंशी वय म्हणजे काय कमी झालं? द्या आता कायमचाच विसावा!

"अहो, पण त्यांना विचारलंत का?" नॅन्सी म्हणाली.

"मान द्यायचा असतो. विचारून कोण देतं?"

 तिनं माझ्या ताटात आमटी जरा जोरात वाढली.

शुक्रवारी मी कारखान्यातूनच फ्लेक्सवाल्या रविराजला फोन लावला. मागं मशिनांचा दणदणाट चालू होता.

"रविराज, लिहून घे. आमचे वडील एलीया ओहोळ, गिरणीवाले, यांना रविवारपासून कायमचा विसावा. गिरणी बंद राहील. खाली, गिदोन ओहोळ आणि परिवार."

"अरेरे! दादा, फार वाईट वाटलं."

त्याला गिरणी बंद होण्याचं वाईट वाटलं, हे ऐकून मला बरं वाटलं. मी म्हणालो, "वाईट काय त्यात? फार दळलं रे त्यांनी. आता सुटले."

"खरंय दादा. वय काय?"

"एकोणऐंशी."

"मग सोनं झालं म्हणायचं. फोटोच्या बाजूला समई टाकू?"

"टाक ना! उजेड चांगला."

"फुलं?"

"भरपूर! मान आहे तो!"

"दादा, तुमचं काळीज लई घट्ट आहे," रविराज म्हणाला. "मी स्वतः नेऊन लावतो. रविवारी सकाळी राहुरीलाच चाललोय. असल्या वेळी तुम्ही कुठं धावपळ करता?"

असली भली माणसं आहेत म्हणून जग चाललंय, असं मी मनात म्हणालो.

शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन गावी पोचलो. बाबा गिरणीत पाठमोरे उभे राहून काहीतरी सोडवत होते. मी आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. नव्या शर्टला पीठ लागलं असतं.

"बाबा, चला नगरला! उद्यापासून तुम्हाला विसावा! गिरणी बंद!"

"बंद? अरं, पन रईवारी मी—"

"एक शब्द नको! मला सगळं कळलंय!"

मी खिळ्यावरची किल्ली काढली, दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली माझ्या खिशात टाकली. बाबा माझ्या खिशाकडं बघत राहिले. मग दंडाला धरून त्यांना गाडीत बसवलं. रागावले की ते डोळे मिटून मान मागं टाकतात, तशी टाकली. शेजारच्या उसाच्या वावरातून काकासाहेब धावत आले. बाबांचे जुने दोस्त.

"गिदोनराव, काय झालं? बाबांना कुठं नेताय?"

"विसाव्याला!" मी गाडीला वेग देत ओरडलो. आरशात पाहिलं तर काकासाहेब रस्त्यात डोक्याला हात लावून उभे. मला वाटलं, मावळतीचं ऊन लागत असेल.

रविवार उजाडला. शब्बाथ म्हणजे शब्बाथ! मी फोन बंद करून कपाटात ठेवला. घरात चूल पेटवायची नाही, असा हुकूम काढला. स्वयंपाक शनिवारचाच.

"म्हाताऱ्या माणसाला शिळी भाकरी घालायची, हा कुठला मान?" नॅन्सीनं विचारलं.

"आज्ञा म्हणजे आज्ञा!"

बाबा अंथरुणाची घडी घालायला लागले. "बाबा, ठेवा खाली! विसावा!" तुळशीएवढं गुलाबाचं रोप आहे आमच्या दारात, त्याला तांब्याभर पाणी घालायला निघाले. "बाबा, विसावा!" चर्चहून आल्यावर ते खुर्चीत बसले. हात मांडीवर. समोरच्या भिंतीकडं बघत. मधूनच म्हणाले, "गिदोन, किती वाजलं? आता समदी आली असतील बघ."

"येऊ द्या आणि जाऊ द्या! गिऱ्हाइकांची सवय मोडायलाच हवी."

"गिऱ्हाईक न्हाईत रं ती. तुला सांगतो, रईवारी मी—"

"बाबा, आज धंद्याचा विषय नको!"

ते पुन्हा भिंतीकडं बघायला लागले. मी समाधानानं आत जाऊन झोपलो.

एक वाजता दारात टेम्पो थांबला आणि पाठोपाठ असा काही हंबरडा फुटला, की मी अंथरुणातून उडालोच! बाहेर येऊन बघतो तर आमच्या गावची पंधरा-सोळा माणसं. बायकांनी पदर डोळ्याला लावलेले. काकासाहेबांच्या हातात झेंडूचा भला मोठा हार. नॅन्सी दारात उभी राहून त्यांच्यापेक्षा मोठ्यानं रडत होती.

"काय झालं गं?"

"मला काय माहीत? सगळे रडतायत!"

काकासाहेबांनी मला मिठी मारली. "गिदोनराव, धीर धरा! आता तुमीच मोठं!"

फोन तर कालपासून... नाही, सकाळपासून बंद. माझी धाकटी बहीण रेबेका श्रीगोंद्याला असते. तिला तर काही झालं नाही ना? "काकासाहेब, कोण गेलं हो? सांगा ना, कोण गेलं?"

"अरारा! पोराला धक्का बसलाय," मागून कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात मोरीचं दार उघडलं. बाबा तोंड पुसत बाहेर आले. गर्दी बघून घाबरले आणि म्हणाले, "काय रं काका? कोन गेलं?"

सगळं गाव दोन पावलं मागं सरलं! टेम्पोचा ड्रायव्हर गोरक्षनाथ तर उडी मारून पुन्हा टेम्पोत जाऊन बसला आणि त्यानं काच वर केली.

"एलीया," काकासाहेब चाचरत म्हणाले, "तू हायस व्हय?"

"म्हंजी? न्हाई तर कोन हाय?"

मग गोरक्षनाथनं काच चार बोटं खाली करून मोबाईल बाहेर धरला. त्यात गिरणीच्या दारावरच्या फ्लेक्सचा फोटो. काळ्यापांढऱ्या रंगात बाबा. गळ्यात हार, दोन्ही बाजूंना समया, आणि खाली ठळक अक्षरांत, यांना रविवारपासून कायमचा विसावा!

"अहो, विसावा म्हणजे आमच्यात शब्बाथ!" मी ओरडलो. "आरामाचा दिवस!"

"तुमच्यात आसंल!" काकासाहेब भडकले. "आमच्यात इसावा म्हंजी तिरडी नेताना मधी टेकवत्यात ती जागा! त्यात तुमी काल म्हातारा उचलून गाडीत घातला, अन वर म्हनता इसाव्याला नेतो! त्या फ्लेक्सवाल्याला इचारलं तर म्हनला, पोरानंच सांगितलंय, लई दळलं, सुटलं येकदाचं! अन तुमचा फोन बंद!"

नॅन्सीनं माझ्याकडं असं पाहिलं, की मला खरंच विसाव्याला जावंसं वाटलं.

बायकांनी दुःखाच्या घरी म्हणून गरम पिठलं-भाकरी बांधून आणली होती. ती बाबांनीच खाल्ली. मांडी घालून, कांदा फोडून, दोन भाकरी! आदल्या दिवसापासून ते नीट जेवलेच नव्हते हे मला तेव्हा कळलं. ते जेवताना सगळं गाव त्यांच्याभोवती बसून त्यांच्याकडं टक लावून बघत होतं, आणि कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं.

मी आपली चूक सावरायला म्हणालो, "झाला खरा गोंधळ. पण हेतू चांगला होता. रविवारी दळण बंद व्हायलाच हवं होतं."

काकासाहेबांनी मान वर केली. "रईवारी दळतंय कोन?"

"म्हणजे? गिरणी उघडी असते ना?"

"दार उघडं आसतं. शनवारी सांजच्याला एलीया मशिनीचा पट्टा उतरवतो, तो सोमवारी चढवतो. चाळीस वर्सं झाली. रईवारी सकाळी तुमच्यातली चार-पाच घरं तिथं प्रार्थनेला बसत्यात, मग आमी जमतो. कुनाचं कागद वाचून द्यायचं, कुनाला फोन लावून द्यायचा. बनुबाईचं पोरगं पुन्याला आसतं, तिला दिसत न्हाई, तर दर रईवारी म्हातारा तिला फोन लावून देतो. अक्ख्या गावाला ठावं हाय, रईवारी ती गिरनी दळत न्हाई म्हनून! तुमाला ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. शनिवारी बाबा पाठमोरे उभे राहून पट्टाच सोडवत होते, आणि मी दारात उभा राहून त्यांना शब्बाथ शिकवत होतो. त्यांचा आठवड्यातला एकुलता एक सुखाचा दिवस मी कुलूप लावून खिशात घातला होता.

"बाबा, तुम्ही सांगितलं का नाही?"

बाबांनी ताट बाजूला केलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "तीनदा सांगाय गेलो रं. तू ऐकाय बसलास का येकदा तरी?"

मला फार लाज वाटली. इतकी, की उत्तर म्हणून मी खिशातली किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. बुधवारचे फोन आठवले. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवतो. गेल्या सात वर्षांत मी एकही रविवार गावी गेलेलो नव्हतो. कारण रविवार देवाचा!

बाबा टेम्पोत पुढं बसले. मी न विचारता मागं चढलो. नॅन्सी म्हणाली, "अहो, संडेस्कूलची मीटिंग आहे ना पाच वाजता?" मी म्हटलं, "असू दे." मागच्या बाकड्यावर जागा नव्हती म्हणून तळावर बसलो, झेंडूचा हार मांडीवर घेऊन. राहुरीपर्यंत रस्त्यावरचे लोक मला हात जोडत होते.

गावात पोचल्यावर शब्बाथाच्या दिवशी शिडीवर चढून मी स्वतः तो फ्लेक्स उतरवला. खाली उभं राहून गाव सूचना देत होतं. "हळू, फाडू नगं! आजून कामाला यील!" हे बाबांचं. सगळे हसले. मलाही हसू आलं.

गिरणीच्या दाराशी बनुबाई बसली होती. सकाळपासून उठली नव्हती म्हणे. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो हात चाचपला.

"आलास व्हय एलीया? ही समदी म्हनाली तू गेलास."

"गेल्तो. नगरला."

"मेल्या, सांगून जायाचं न्हवं! माझ्या लेकाचा फोन ऱ्हायला की."

बाबांनी दार उघडलं, तिला आत बसवलं आणि फोन लावून दिला. ती बोलायला लागली. पाऊण तास बोलली. पोराला तिकडं काही काम असेलच की! पण तो ऐकत होता. बाकीचे आपापल्या नेहमीच्या जागी बसले. पोत्यावर, बाकड्यावर, उंबऱ्यावर. कुणाची जागा कुठली हे प्रत्येकाला माहीत होतं. मी एकटाच उभा. कुठं बसायचं कळेना, म्हणून जात्याशेजारी एका कोपऱ्यात दबकून बसलो.

बनुबाईनं फोन परत दिला. कोपऱ्यात काहीतरी हललेलं तिला जाणवलं असावं. माझ्या दिशेनं तोंड करून तिनं विचारलं, "पाव्हनं कुठलं म्हनायचं?"

मी नाव सांगायला अर्धा उठलो.

"पाव्हना न्हाई," बाबा म्हणाले. "माझाच हाय. जरा उशिरा आलाय."