वाळ्याच्या ताटीचं माप

रहीमचाचा कोणाच्याही घरी ताटीचं माप घ्यायला आले की आधी झोपायचे.

थट्टा नाही. आमच्या रिसोडात तेव्हा वीज आलेली नव्हती. उन्हाळ्यात ज्याला जमेल तो दाराला वाळ्याची ताटी लावायचा. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळं भरायची, वरून पाणी शिंपडायचं, की झळासुद्धा गार होऊन आत यायच्या. गावात ताट्या बांधणारे रहीमचाचा एकटेच. ज्या खोलीला ताटी हवी तिथे ते भर दुपारी जमिनीवर आडवे होत आणि तासाभराने उठून जाहीर करत, "सात कुशी झाल्या. दीड हात रुंद." जितक्या वेळा कूस बदलावी लागली तितकी खोली तापट, असा साधा हिशेब.

घरातली माणसंही ते मोजत. "एक मानूस म्हंजे एक चूल," असं त्यांचं म्हणणं. एका वकिलांच्या बैठकीत पक्षकार धरून त्यांनी बारा चुली मोजल्या आणि वकिलांचा आवाज ऐकल्यावर त्यांच्या एकट्याच्या दोन धरल्या. गरजेपेक्षा मोठी ताटी मागणाऱ्यावर तर त्यांचा भारी राग. एका देशमुखांनी हट्टाने दाराएवढी करून घेतली. आठवड्यात गादी दमट झाली, पापड सादळले आणि देशमुख भर वैशाखात शिंकू लागले. चाचा रोज वाकडी वाट करून त्यांची तब्येत विचारायला जात.

त्या वर्षी माझी बहीण गोदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि आठव्याच महिन्यात मोकळी झाली. पोरगी ओंजळीत मावेल एवढी. सुईण म्हणाली, पंधरा दिवस काढले तर जगेल. उन्हाने खोलीची भट्टी झालेली, त्यात आईने रिवाजाप्रमाणे बाजेखाली शेगडी पेटवलेली. आमच्या वडिलांनी, आबांनी, चाचांना बोलावून फर्मान काढलं, तिन्ही दारांना ताट्या आणि त्याही सगळ्यांत मोठ्या. आईचं म्हणणं, ओल्या बाळंतिणीला गार वारा म्हणजे घात, एकही नको. दारात पाणी, खाली विस्तव आणि मधे माझी बहीण, अशी गत झाली.

चाचांची पंचाईत वेगळीच. बाळंतिणीच्या खोलीत झोपणार कसे? ते बाहेर उन्हात भिंतीला टेकून बसले. मधूनमधून भिंतीला तळहात लावत राहिले. शेवटी म्हणाले, एकच ताटी, खिडकीला, तीही अर्धी, आणि दिवसा शेगडी बाहेर. हे दोघांनाही पटलं नाही. आई आणि आबा एका बाजूला झालेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"माह्या नातीले कमी काहून करून राह्यला?" आबा कडाडले.

"मोठीनं हवा ओली होते, आबासाहेब," चाचा म्हणाले. "इवलीशी छाती आहे तिची."

कुरकुरत का होईना, दोघांनी ऐकलं. पाणी शिंपडायचं काम मात्र चाचांनी कोणाला दिलं नाही. रोज दुपारभर ते तांब्या घेऊन खिडकीशी बसत. हात जरा सैल सुटून पाणी जास्त पडलं की गमछ्याने ताटी पुसून काढत. ताटी पुसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाकीच्यांच्या ताट्या अडून राहिल्या, तेव्हा सारं रिसोड घामाने निथळत आमच्या ओट्यावर येऊन त्यांच्याशी भांडे. चाचा शांतपणे सांगत, तुम्ही मोठे झालात, घामाने मरत नाही.

सोळाव्या दिवशी पोरगी असं भोकाड पसरून रडली की शेजारचे चौकशीला आले. आबा सगळ्यांना पेढे वाटत सुटले. आईने चाचांपुढे शिऱ्याची ताटली ठेवली आणि विचारलं, आत पाऊल न टाकता इतकं नेमकं माप कसं कळलं?

"एकदा चुकलो होतो, वैनी."

"कोनाच्या घरी?"

चाचांनी ताटली बाजूला सारली. "माह्याच. पोरगी होती. लई लाडाची, म्हून सगळ्यात मोठी लावली."

इतकी वर्षं आम्ही सगळे त्यांच्या कुशी मोजून हसत होतो. आई आत गेली, नातीला घेऊन आली आणि चाचांपुढे धरली.

चाचांनी हात सदऱ्याला पुसले, मग पुन्हा पुसले, आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच तिला मांडीवर घेतलं.