सुपडूनानांचा चाळीस वॅटचा लोड

समस्त नागरिकांस, विशेषतः आमच्या कॉलनीतल्या पाणीपट्टी भरणाऱ्या आणि न भरणाऱ्या अशा दोन्ही गटांस, जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, श्री. सुपडूनाना यांच्या घरगाडीतील चार शिशाच्या बॅटऱ्या प्रदीर्घ सेवेनंतर निवृत्त झाल्या असून त्यांच्या जागी एक लिथियम बॅटरी रुजू झाली आहे. निरोप समारंभ रविवारी सकाळी गेटजवळ पार पडला. चारही बॅटऱ्यांना हळदकुंकू वाहण्यात आले, नारळ वाढवण्यात आला, आणि उत्सवमूर्तींना बोलता येत नसल्यामुळे सत्काराला उत्तर नानांनीच दिले.

हसू नका. मी तिथे हजर होतो. खोबरं खाल्लंय मी.

सुपडूनाना आमचे जळगावचे शेजारी. आधीची दोन मुलं वाचली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर आईने ह्यांना सुपात घालून ओढलं आणि नाव ठेवलं सुपडू. तो उपाय इतका लागू पडला की वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीही नाना एका जागी दहा मिनिटं बसत नाहीत. सारी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात, आणि तीही बॅटरीरूममध्ये. सगळं केंद्र ठप्प झालं तरी आतले दिवे आणि यंत्रणा जाग्या राहाव्यात म्हणून तिथे बॅटऱ्यांची रांगच्या रांग असते. त्या रांगेला डिस्टिल्ड वॉटर पाजणं हे नानांचं काम. "अख्खा महाराष्ट्र अंधारात गेला तरी माझी खोली जागी असायची," असं ते सांगतात. सांगताना आवाज असा लावतात की, महाराष्ट्र एकदा अंधारात जायला हवा होता असं आपल्यालाही वाटून जातं.

नाना जगाकडे एकाच नजरेने बघतात: लोड किती?

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तर मुलगा काय करतो हे न विचारता म्हणाले, "मांडवात लोड किती?" मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा सगळी कॉलनी मीठ सोडा, भात सोडा सांगत होती. नानांनी फक्त खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, मशीन चांगलं आहे तुमचं. मार्जिन ठेवून चालवा."

घराबाहेर पडताना ते रीतसर ड्यूटी सोपवतात. हातात भाजीची पिशवी, पाय उंबऱ्यावर, आणि आरोळी, "इंदू, चार्ज घे!" आतून इंदूअक्कांचा "घेतला!" असा आवाज आला की मगच निघायचं. एकदा अक्का न्हाणीघरात होत्या. नाना पंधरा मिनिटं पिशवी घेऊन दारात उभे. मी म्हटलं, "जा की नाना, घर काय पळून जातंय?" माझ्याकडे त्यांनी अशा दयेने पाहिलं, जसं बॅटरीरूममध्ये विडी पेटवणाऱ्याकडे पाहिलं असेल. म्हणाले, "रिलीव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नसते, भाऊ."

आता घरगाडी. ही मुळात एका शाळेची मिनीबस. निवृत्तीनंतर नानांनी ती भंगारातून सोडवली आणि आत पलंग, शेगडी, बेसिन, पंखा, टपावर सोलर पॅनल असा संसार मांडला. तीनदा पांढरा रंग दिला, पण उन्हाळा आला की मागच्या बाजूला "आत लहान मुले आहेत" ही अक्षरं पुन्हा वर येतात. नाना म्हणतात, राहू द्या, लोक अंतर ठेवून चालवतात.

गाडी झाली, पण जाणार कुठे? चार वर्षांत तिने केलेला सर्वांत दूरचा प्रवास म्हणजे धुळ्यापलीकडे सोनगीर. किल्ला खालूनच पाहिला, चहा घेतला, दिवेलागणीला जळगावात परत. म्हणून कॉलनीत म्हणायचे, "घरीच असते, म्हणून घरगाडी."

अशा ह्या गाडीला ह्या वर्षी लिथियम कशाला? मी विचारलं, तर म्हणाले, "मिक्सर चालला पाहिजे." दूधवाल्याला सांगितलं, "थंड पाणी लागतं." सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हणाले, "काळाबरोबर जायला हवं." उभ्या आयुष्यात आकड्याला पक्का असलेला माणूस तीन जणांना तीन कारणं सांगतो, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी टवाळी करण्यात गुंग होतो.

काम त्यांनी एकट्याने केलं. संक्रांतीला सुरुवात, पाडव्याला शेवट. मध्ये एकदा पारोळ्याच्या अलीकडे बॉनेटमधून असा धूर निघाला की मागचा ट्रकवाला स्वतःहून थांबला. झालं असं, की लिथियमला भूक फार. जुन्या बॅटऱ्यांसारखी थेट इंजिनाच्या अल्टरनेटरला जोडली, तर ती त्या बिचाऱ्याला ओरबाडून खाते. नानांनी मग दोघांच्या मधे एक डबी बसवली, जी बेताबेताने चार्ज पुढे सोडते. तिचं नाव त्यांनी ठेवलं वाढपी. "पंगतीत पातेलंच पुढ्यात ठेवलं तर कसं व्हायचं? वाढपी पाहिजे."

पहिल्या रविवारी मात्र जे झालं ते पाहून मला हसूही आलं आणि आलंही नाही. सकाळी आठ वाजता, तीसेक वर्षांच्या सवयीने, नाना डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणि ते ओतायची चाडी, म्हणजे नरसाळं, घेऊन गाडीत शिरले. पलंगाखालचं झाकण उचललं. लिथियम बॅटरी म्हणजे एक बंद निळा डबा. ना बूच, ना भोक. नानांनी तो चारी बाजूंनी पाहिला. पुन्हा पाहिला. मग खाली उतरले आणि कढीपत्त्याला डिस्टिल्ड वॉटर घातलं. जळगावात इतकं शुद्ध पाणी प्यायलेला तो एकमेव कढीपत्ता.

मला म्हणाले, "शिशाचं बरं होतं, भाऊ. आधी दिवा मंद व्हायचा, पंखा कण्हायचा. म्हणजे मरायच्या आधी खोकायचं तरी. हे लिथियम बोलता बोलता डोळे मिटतं. आत एक सर्किट बसलेलं असतं, पहारेकरी, तोच लाईन तोडतो. इशारा नाही, काही नाही." बोलताना ते घराच्या खिडकीकडे बघत होते. मला वाटलं, अक्कांनी चहाला हाक मारली असेल.

त्यानंतर नाना ओळीने सात दिवस घराऐवजी दारातल्या गाडीत झोपले. कॉलनीत दोन तट पडले. एक म्हणे, अक्कांनी हाकललं. दुसरा म्हणे, नाना अंधाराला भितात, कारण गाडीत रात्रभर एक पिवळा बल्ब जळत असे. सकाळी मी ब्रश करत विचारायचो, "काय नाना, झोप?" ते वहीत बघून उत्तर द्यायचे, "रात्री नव्वद टक्के, सकाळी चौऱ्याहत्तर."

"अहो, पण बल्ब कशाला?"

"चाळीसचा आहे. लोड."

"कशाचा लोड?"

"लोड म्हणजे लोड," म्हणून नाना वही मिटायचे.

सातव्या दिवशी सकाळी त्यांनी जाहीर केलं, "आखाजीला इंदूच्या माहेरी जातोय. शिंदखेड्याच्या पुढे. मुक्काम. भाऊ, तुम्ही चला, मला एक साक्षीदार पाहिजे."

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, काय असते हे मी सांगायला नको. निंबाला झोके बांधतात, लेकी माहेरी येतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खाऊन गाणी म्हणतात. साठीची लेकही त्या दिवशी सोळाची होते. पण इंदूअक्का तीन वर्षं आखाजीला सकाळी एसटीने जायच्या आणि संध्याकाळच्या आत परत. कारण त्यांनीच माहेरी सांगून ठेवलेलं होतं, "ह्यांना मी घरात नसले की चालत नाही." त्यामुळे त्या गावात नानांची ख्याती म्हणजे, बायकोला माहेरी एक रात्र राहू न देणारा माणूस.

आम्ही पोचलो तेव्हा अक्कांची भावजय दारातच उभी होती. भाकरतुकडा ओवाळताना म्हणाली, "या नाना. घड्याळ आणेल शे ना? संध्याकाळ व्हई गई तर कसं व्हई?" नाना नुसतेच हसले. अक्का घाईने आत गेल्या.

अंगणात मोठा निंब होता. खाली गार सावली. पण नानांनी गाडी लावली बरोबर उन्हात. पॅनलला ऊन मिळालं पाहिजे, बॅटरी शंभर टक्के भरली पाहिजे. आणि वर काचा बंद, दार बंद, पोरांनी आत शिरू नये म्हणून. खानदेशातलं आखाजीचं ऊन, आणि बंद डब्यात बंद डबा!

दुपारी जेवणं झाली, झोके सुरू झाले. नाना "एक रीडिंग घेतो" म्हणून गाडीत गेले आणि बाहेर आले ते पांढरेफटक. बॅटरीचे आकडे दाखवणारा छोटा पडदा काळा. बॅटरी तापली होती आणि आतल्या पहारेकऱ्याने लाईन तोडली होती.

मी, नाना आणि अक्कांचे भाऊ अशा तिघांनी ढकलत गाडी निंबाखाली आणली. दारं-खिडक्या उघडल्या, बाहेरून ओली गोणपाटं टांगली. नानांनी स्वयंपाकघरातून एक सूप उचलून आणलं आणि पलंगाखालच्या त्या निळ्या डब्याला वारा घालायला बसले. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. आमरसाची वाटी तशीच पडलेली.

मी म्हटलं, "नाना, जाऊ द्या हो. एक रात्र पंख्याविना झोपलात तर काय बिघडतं?"

त्यांनी सूप थांबवलं नाही. खालच्या आवाजात म्हणाले, "पंखा नाही, भाऊ. तिचा श्वास. झोपेत अडकतो तिचा. तीन वर्षं झाली, रात्री नाकाला मशीन लावून झोपते. चाळीस वॅट खातं ते. इथे रात्री लाईट जाते, आणि शिशाच्या बॅटऱ्या पहाटेआधीच मान टाकायच्या. शिवाय घरात सगळ्यांच्यात झोपायला ती तयार नाही. म्हणते, माहेरच्यांसमोर तोंडाला सोंड लावून निजू? मग म्हटलं, गाडी अंगणात लावू, पडदे ओढू, कुणाला दिसायचं नाही."

"आणि ते, तुम्हाला तिच्याशिवाय चालत नाही, ते?"

"ते मीच सुचवलं. माझं काय, आधीच लोक हसतात. तेवढं मार्जिन आहे."

मी दुसरं सूप आणलं.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. चारच्या सुमारास पडदा उजळला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर त्र्याहत्तर होते, आणि अक्का नऊ वाजेपर्यंत झोपल्या होत्या. नानांनी वहीत तशी नोंद केली.

पण त्याच्या आधी, आम्ही दोघं घामाघूम होऊन सुपं हलवत असताना, सगळं अंगण गाडीभोवती जमलं होतं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. पोरं तर लोळायचीच बाकी होती. भावजय कमरेवर हात ठेवून पुढे आली. तीन वर्षांचा राग तिला एका वाक्यात काढायचा होता.

"काय नाना! बॅटरीले वारा घाली राहिनात! असा वारा मन्ही नणंदले कधी घालेल शे का?"

अंगण खदखदलं. नाना मान खाली घालून सूप हलवत राहिले.

आणि निंबाचा झोका थांबला. इंदूअक्का उतरल्या. पदर खोचला, माणसांतून वाट काढत गाडीच्या दारात आल्या, नवऱ्याच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि सगळ्या माहेरासमोर ओरडल्या,

"अवं वयनी, तो वारा मालेच शे!"