पडद्यावरची फाटाफूट आणि कुंदाअक्कांच्या कुरडया

धुळ्यात स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर कोण जोडतं असं कोणी विचारलं, तर बेधडक माझं नाव सांगा. हिलाल! दुकानदार म्हणत होता, "भाऊ, आमचा माणूस येऊन जोडून देईल." मी म्हटलं, "माणूस ठेवा तुमच्याकडेच!" गेमचं चित्र पळवणारं भारी ग्राफिक्स कार्ड घातलं, वायरी खोचल्या, झाकण लावलं. उन्हाळ्यात गरम होऊ नये म्हणून अख्खा कॉम्प्युटर कूलरसमोर मांडला. मी स्वतः कूलरच्या मागच्या बाजूला घाम पुसत बसलो.

हा सगळा खटाटोप नवलसाठी. नवल म्हणजे शिरपूरच्या होस्टेलमधला माझा रूम पार्टनर. तेव्हा आम्ही एकाच कीबोर्डवर, कोपराने कोपर ढकलत मारामारीचा गेम खेळायचो. आता तो सुरतेला, मी इथे गच्चीवरच्या भाड्याच्या खोलीत. दिवसभर नरडाण्याच्या कारखान्यात मशीनचा आवाज, संध्याकाळी खोलीत कूलरचा. माणसाचा आवाज म्हणाल तर रविवारी दुपारी, गेम खेळताना कानात नवलचा. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

आणि नेमका तिथेच घोळ झाला! मी बटण दाबायचो, पडद्यावरचा माझा पैलवान विचार करायचा, आणि बुक्की उगारेपर्यंत नवलने त्याला आडवा केलेला असायचा. गेमवाले या उशिराला लॅग म्हणतात. शिवाय पडद्यावरचं चित्र मधोमध फाटायचं. पैलवानाचं डोकं धुळ्यात, धड जळगावात!

"हिलाल, तू बटण दाबतोस की अर्ज करतोस?" नवल म्हणाला. "असंच चालणार असेल तर रविवारी मी झोपतो बाबा."

मी म्हटलं, "पुढच्या रविवारपर्यंत लोण्यासारखा करतो! फक्त थोडं गाइड कर."

"मागून-पुढून फोटो पाठव."

सोमवारी फोटो पाठवले. त्याने लगेच फोन केला. आधी मी जेवलो का ते विचारलं. मग म्हणाला, "अवघड आहे. एकेक बघावं लागेल. आधी व्ही-सिंक चालू कर."

व्ही-सिंक म्हणजे पडद्याच्या वेगाला गेमचा वेग बांधून टाकायचा. फाटणं थांबलं! पण आता बटण दाबून चहा टाकला, तर आधी चहा उकळायचा आणि मग बुक्की बसायची.

"बंद कर मग," नवल म्हणाला. बंद केलं. डोकं परत धुळ्यात!

मंगळवारी त्याला माझ्या बिनवायरीच्या माउसचा संशय आला. मी वायरचा आणला. बुधवारी टेबल उत्तर-दक्षिण फिरवायला लावलं. का ते त्यालाच माहीत! रोज संध्याकाळी फोन, रोज नवा उपाय. मधूनमधून त्याच्या कुकरची शिट्टी ऐकू यायची. मग कारखाना, होस्टेलचं पाणीदार वरण, त्याचा खडूस साहेब... कॉम्प्युटर राहायचा बाजूला. कंपनीच्या बसमधून उतरलो की मी खोलीकडे अक्षरशः पळत सुटायचो.

गुरुवारी तो म्हणाला, "उष्णता असेल. कूलर फुल कर."

कूलरमध्ये नळी सोडली आणि बोलत बसलो. नवल त्याच्या साहेबाची नक्कल करत होता, मी हसून लोळत होतो. कूलर भरला, वाहिला, पाणी उंबरा ओलांडून गच्चीवर गेलं. गच्चीवर घरमालकीण कुंदाअक्कांच्या कुरडया वाळत होत्या!

"हिलाऽऽल! हाई काय करी ऱ्हायना रे तू? मन्या बठ्ठ्या कुरडाया वल्ल्या व्हई ग्यात!"

"अक्का, लॅग कमी करत होतो."

"आन् रोज कोनसंगे बोलस एवढा? पोरगी पाहेल शे का?"

"नवल आहे, अक्का."

"नवलच शे!" म्हणत अक्कांनी माझ्या हातात सूप दिलं. वाचलेल्या कुरडया मी अंधार पडेपर्यंत वेचत होतो.

शनिवारी खोली पुसायला म्हणून कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी उपसल्या आणि परत खोचताना मला घाम फुटला. पडद्याची वायर खाली ग्राफिक्स कार्डात जायला हवी. मी ती पहिल्या दिवसापासून वरच्या, साध्या खाचेत खोचली होती! एवढं भारी कार्ड पाहुण्यासारखं नुसतं बसून होतं. वायर खाली लावली. चित्र कसं, लोणी!

रविवारी खेळलो. पडदा फाटला नाही, बुक्की वेळेवर बसली, आणि तरीही मी सटासट हरलो. आता दोष द्यायलाही काही उरलं नव्हतं.

"सुटला म्हणजे प्रॉब्लेम," नवल म्हणाला. "छान. मग आता... रोज फोन करायला नको."

"नको ना," मी म्हटलं.

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारीही नाही. कूलर घुमत होता. पडदा लखलखीत, बटणं चपळ, आणि मला इतकं एकटं वाटलं की विचारू नका.

बुधवारी मी गुपचूप वायर वरच्या खाचेत खोचली आणि फोन लावला. "नवल, अरे, परत फाटायला लागलंय!"

"फोटो पाठव."

पाठवला. पलीकडे तो खो-खो हसला. "गाढवा, वायर खालच्या खाचेत लाव."

"तुला... कसं कळलं?"

"पहिल्याच फोटोत दिसलं होतं."

"मग आठवडाभर माउस? टेबल? अरे, अक्कांच्या कुरडया गेल्या!"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग तो हळूच म्हणाला, "एकट्याची खिचडी घशाखाली उतरत नाही रे. तू बोलत असलास की जेवण होऊन जातं."

मी वायर आहे तिथेच राहू दिली.

उद्यापासून पुन्हा माउसपासून सुरुवात करायचं ठरलंय. तुम्हाला कॉम्प्युटर जोडून हवा असेल, तर मात्र दुकानदाराचाच माणूस बोलवा!