निवृत्तीनाना आणि लेन्समधला टेकू

आमच्या सोसायटीतले निवृत्तीनाना रोज सकाळी तळहातावर पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवून इमारतीला तीन फेऱ्या मारतात. नवीन राहायला आलेल्यांना वाटतं, काही तरी व्रत असावं. दूधवाला सुरुवातीला चक्क हात जोडायचा. खरं कारण एवढंच, की फोटो काढताना आपला हात हललेला नानांना खपत नाही. तिसरी फेरी झाली की ते माझ्या दारात उभे राहतात.

“बघा मॅडम. सांडलं का थेंबभर?”

सांडलेलं नसतं. मग ते पाणी माझ्या मोगऱ्याला घालून नाना घरी जातात.

नाना तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, नाशिक-सुरगाणा मार्गावर. घाटातल्या वळणावर मागच्या सीटवरच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू जागं झालं, तर तो दिवस ते वाया गेलेला समजत. नोकरी संपल्यावर माणसं गुडघे सांभाळत बसतात. नानांनी कॅमेरा घेतला, आणि त्याला हातभर लांबीची एक जुनी, वापरलेली लेन्स लावली.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि मलाही पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड आहे. त्यामुळे हिवाळ्यातल्या रविवारी आम्ही दोघं माझ्या गाडीतून नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जातो. गाडी मी चालवते. ब्रेक नाना मारतात, शेजारच्या सीटवरून, रिकाम्या पायाने.

आमच्यात वाद एकच. माझ्या लेन्समध्ये हाताची थरथर सावरायची सोय आहे, नानांच्या जुन्या लेन्समध्ये नाही. मी त्यांना पहिल्यांदा ती समजावून सांगितली तेव्हा अगदी वर्गातल्यासारखी सांगितली. आत एक भिंग असतं, आपला हात एका बाजूला हलला की ते उलट्या बाजूला सरकतं आणि चित्र जागच्या जागी राहतं. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे टेकू,” ते म्हणाले.

“टेकू नाही हो नाना, हे तंत्रज्ञान आहे.”

“टेकूच. भिंत कलली की देत्यात तो. मला कशाला? माझे हात अजून कलले नाय.”

तेव्हापासून पाणथळीवर पोचलं, की कॅमेरा डोळ्याला लावताना ते, बंद करायला टेकू नसतानाही, मोठ्याने म्हणणार, “टेकू बंद, हात चालू!” आजूबाजूचे दोन-चार पक्षी उडून जातात, तो भाग वेगळा. एकदा मुंबईहून आलेले एक गृहस्थ तोफेएवढी लेन्स घेऊन पक्षी बघायच्या मनोऱ्यावर उभे होते. नानांनी अदबीने विचारलं, “साहेब, यातला टेकू काढला तर तुमचं किती उरतं?” त्या गृहस्थांना काही कळलं नाही म्हणून बरं.

मागच्या हिवाळ्यात मात्र मीच चिडले. म्हटलं, आज होऊन जाऊ द्या. समोर एक राखी बगळा उभा होता. तो उडाला की दोघांनी एकेक फोटो काढायचा. बगळा उडाला. मी आपल्या सोयीवर विसंबून शटर सावकाश ठेवलं होतं. नानांनी मात्र वेगात ठेवलं, श्वास धरला आणि बोट दाबलं.

माझ्या फोटोत काठावरचं गवत पात्या-पात्यानिशी स्वच्छ होतं आणि बगळ्याच्या जागी एक राखाडी फडकं होतं. नानांच्या फोटोत पंखाचं पीस न् पीस मोजता येत होतं. मला कबूल करावं लागलं की लेन्स माझा हात धरते, बगळ्याचा पंख धरत नाही.

“आता कसं बोललात!” नाना म्हणाले.

तो फोटो मीच मोठा छापून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावला. अभिमानाच्या भरात तो पाणीकपातीच्या सूचनेवर लागला, त्यामुळे दोन दिवस अर्धी सोसायटी बिनआंघोळीची राहिली. पण कुणी तक्रार केली नाही. उलट पाहुण्यांना खाली नेऊन लोक दाखवायचे, “हे आमच्या नानांनी काढलंय. नुसत्या हातांवर.” मीही दाखवायचे. हरल्याचं मला काही वाटत नव्हतं.

आणि मग एका दुपारी नाना दारात उभे. आवाज एकदम खाली.

“मॅडम, तुमचा तो टेकू दोन दिस द्याल का? कोनाला सांगू नका.”

मी चकित झाले. आमचे कॅमेरे एकाच कंपनीचे, लेन्स बसणार होती. पण कशासाठी?

“या घरी,” ते म्हणाले.

नानांच्या घरात भर दुपारी पडदे ओढलेले असतात. त्यांच्या पत्नी, जिजाकाकू, दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या दुखण्यातून उठल्या. तेव्हापासून त्यांना उजेड सहन होत नाही. दिवसा त्या बाहेर पडत नाहीत. त्या दिवशी अंधुक खोलीत त्या खाली बसून मटार सोलत होत्या.

“मीच म्हनलं यांना,” काकू म्हणाल्या. “बगळ्यांचे हजार फोटो काढले, माझा एक नाय.”

नाना गेले पंधरा दिवस प्रयत्न करत होते. फ्लॅश काकूंच्या डोळ्यांना चालणार नव्हता. कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवली, तर त्या जुन्या कॅमेऱ्यात चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखा दिसे. शेवटी कुणाचा तरी ट्रायपॉड आणला.

“ते तीन पायांचं समोर ठेवलं, की ही आधार कार्डासारखं तोंड करती,” नाना म्हणाले. “हातात धरूनच काढायचा, तर एवढ्याशा उजेडात शटर लय वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढा वेळ थिर नाय राहत हात. लय करून पाह्यलं.”

हे वाक्य त्यांच्या तोंडून निघायला काय लागलं असेल, ते मला माहीत आहे.

मी लेन्स बसवून दिली. टेकूचं बटण त्यांनी स्वतः सरकवलं आणि भिंतीला पाठ लावून समोर बसले. मी काकूंना म्हटलं, “लेन्स नानांचा हात सावरेल. पण तुम्ही हलू नका हं.”

“मी कुठं हलते?” काकू हसल्या. “हे तीस वर्षं गाडीवर. मी इथंच होते की, वाट बघत.”

नानांनी कॅमेरा डोळ्याला लावला. त्यांनी श्वास धरला. शटर उघडलं आणि सावकाश मिटलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर काकूंचा चेहरा आला. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, कपाळावरचं कुंकू, नुकतंच संपत आलेलं हसू, सगळं स्वच्छ. फक्त मटार सोलणारी बोटं धुरकट झाली होती.

“हात हलले काकूंचे,” मी म्हटलं. “अजून एक काढू या.”

“नको,” नाना म्हणाले. “असाच ऱ्हाऊ द्या. ते हात थांबलेले मी कधी पाह्यलेच नाय.”

त्यांनी फोटो छापून आणला. काकूंनी तो अगदी नाकाशी धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “बगळ्याइतका बरा आलाय का?”

“त्याच्यापरीस भारी,” नाना म्हणाले. सगळ्या सोसायटीला बगळा दाखवणाऱ्या माणसाने हा फोटो कुणालाच दाखवला नाही. मी पाहिलाय, ते मी तिथे होते म्हणून.

दोन दिवस झाल्यावर लेन्स परत द्यायला ते माझ्याकडे आले. दिली मात्र नाही. छातीशी धरून उभेच राहिले.

“मॅडम, रविवारी मी काय येत नाय पक्ष्यांना. आन् हे अजून थोडे दिस ठेवू का? ही ऊन उतरल्यावर गॅलरीत बसते म्हनलीय.”