ओरिजिनल प्लस दोन कॉपी

“सोडू नका! हातातून सोडू नका! ओरिजिनल देऊ नका कुणी!”

रोममधल्या आमच्या हॉटेलच्या काउंटरसमोर खेतले असे काही ओरडले, की दोन हजार वर्षं कशालाही दाद न देणाऱ्या त्या शहरातल्या एखाद्या तरी भिंतीचा पोपडा त्या संध्याकाळी नक्की पडला असणार. काउंटरवरच्या इटालियन बाईनं दोन्ही हात वर केले. तिला वाटलं, दरोडा पडला.

झालं होतं इतकंच, की पोलिसांत नोंद करायची म्हणून तिनं आमचे पासपोर्ट रात्रीपुरते मागितले होते, आणि आम्ही ते मुकाट्यानं काढून पुढं केले होते. आम्ही सगळे दुबई-शारजातले पगारदार. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत आणि आपण बाहेर, अशी वर्षानुवर्षं काढलेले. कुणी हात पुढं केला की त्यात पासपोर्ट ठेवायचा, ही सवय आमच्या हाडात मुरलेली.

“मॅडम, ओरिजिनल नो. कॉपी यस,” म्हणत खेतल्यांनी आपल्या काळ्या ब्रीफकेसमधून एकतीस पासपोर्टांच्या प्रत्येकी दोन झेरॉक्स काढल्या, वर प्रत्येकाचे चार-चार फोटो ठेवले, पांढऱ्या बॅकग्राउंडचे, आणि स्टेपलर पुढं सरकवला. मग आमच्याकडं वळून म्हणाले, “सकाळी देतो म्हणतात. माझा एकदा दोन दिवसांसाठी घेतला होता, साहेब. अकरा वर्षं झाली.”

श्रीधर खेतले म्हणजे शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या पाइप कंपनीचे पीआरओ. पीआरओ म्हणजे गल्फमधला तो माणूस, जो आपल्या वतीनं सरकारी खिडक्यांसमोर उभा राहतो. व्हिसा, लेबर कार्ड, मेडिकल, सगळं तोच आणतो. खेतले मूळचे चिपळूणकडचे. माणूस चणीनं असा, की रांगेत दोघांच्या मधे शिरला तरी रांगेची लांबी वाढत नसे. कंपनीच्या तिजोरीची किल्ली त्यांच्याच खिशात असायची, तरी स्वतःचा पासपोर्ट काढायचा झाला तर ते आधी साहेबांची सही आणत. अशी सचोटी मी दुसरीकडं पाहिलेली नाही, आणि इतकी गैरसोयीची तर नाहीच.

माझ्या बायकोचा, माधवीचा, फॅमिली व्हिसा त्यांनी तीन दिवसांत आणला होता. मुलगी अदिती झाली तर बाळ घरी यायच्या आत तिचे कागद घरी. कंपनीतल्या निदान दीडशे माणसांच्या बायका त्यांनी आखाताच्या ह्या काठाला आणल्या. फक्त एक राहिली, त्यांची स्वतःची. सगळ्यांचे पीआरओ असलेल्या खेतल्यांच्या व्हिसावर हुद्दा होता ‘मेसेंजर’, आणि त्या हुद्द्याला फॅमिली व्हिसा लागू नव्हता. शिवाय खोलीत सहा जण. बायको आणायची तर ठेवायची कुठं? लग्नानंतर तीन महिन्यांनी ते शारजाला आले, आणि तेव्हापासून दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवस गावी. मी एकदा बसमध्ये हिशेब केला. लग्नाला एकोणीस वर्षं. एकत्र राहणं सोळा-सतरा महिने.

म्हणून तर ही इटली. आमच्या दुबईच्या ऊद मेथा भागातल्या मराठी मंडळींची सहल ठरली, तेव्हा ती ठरवणारे नाडकर्णी खेतल्यांना म्हणाले, “सगळ्यांचे व्हिसा आणा. एक रिजेक्ट व्हायला नको. तुम्ही नि वहिनी आमच्यातर्फे.” खेतल्यांनी सगळे व्हिसा आणले. शालिनीवहिनींनी मुंबईत अर्ज केला. त्यांचा व्हिसा आठवड्यात होणार होता आणि त्या थेट रोमला येऊन आम्हाला मिळणार होत्या. बसमध्ये खेतल्यांच्या शेजारची खिडकीची सीट त्यांच्यासाठी होती. तिच्यावर ब्रीफकेस ठेवलेली असे, आणि तिथं कुणी बसू लागलं तर खेतले म्हणत, “बुक्ड.”

रोम आलं, वहिनी आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मोठ्या घुमटाच्या चर्चपाशी गेलो. गाइड मुलगी म्हणाली, ह्या रेषेच्या पुढं वेगळा देश सुरू होतो. तीस माणसं रेषा ओलांडून गेली. खेतले अलीकडं थांबले.

“एन्ट्री कुठं मारायची?”

शिक्का नाही, खिडकी नाही, नुसतं चालत जा, असं तिनं सांगितलं. खेतल्यांचा चेहरा पांढऱ्या बॅकग्राउंडसारखा झाला. “एन्ट्री नाही तर एक्झिट कशी मारणार? नंतर दंड लावतील तो?” ते तडक रंगीबेरंगी पट्ट्यांच्या पोशाखातल्या पहारेकऱ्याकडं गेले. “हबीबी, स्टॅम्प!” तो भालेवाला आयुष्यात पहिल्यांदा हलला असावा. शेवटी खेतल्यांनी तिथलं पोस्ट ऑफिस शोधून काढलं, पासपोर्टच्या झेरॉक्सवर टपालाचा शिक्का मारून घेतला आणि मगच देव बघितला. बाहेर पडताना त्यांनी दुसऱ्या कॉपीवर दुसरा शिक्का घेतला. त्या देशातून कायदेशीररीत्या बाहेर पडलेला आमच्यातला तो एकच माणूस. आम्ही बाकीचे तीस कागदोपत्री अजून तिथंच आहोत.

“बाबा, ही इज सो एम्बॅरसिंग,” अदिती म्हणाली.

त्या संध्याकाळी हॉटेलजवळच्या फोनच्या बूथमधून त्यांचा आवाज आला. आवाज कसला, गर्जना. गावात फोन एका किराणा दुकानात. तिथवर आवाज तारेतून जातो ह्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

“पुरावा? कसला पुरावा? माझी बायको आहेस त्याचा पुरावा?”

सगळा घोटाळा तिथं होता. व्हिसाच्या कचेरीनं लग्नाचा दाखला मागितला होता, आणि दाखला नव्हता. लग्न नोंदवायचं राहून गेलं होतं. दीडशे माणसांची मॅरेज सर्टिफिकेटं अटेस्ट करून आणणाऱ्या खेतल्यांनी स्वतःचं लग्न कागदावर घेतलंच नव्हतं! मग फोटो तरी? तोही नाही. लग्नात फोटोग्राफर होता. दिवसभर त्यानं फ्लॅश पाडले. कॅमेऱ्यात रोल नव्हता हे खेतल्यांच्या सासऱ्यांना चार महिन्यांनी कळलं.

पुढचे सहा दिवस आम्ही इटली पाहिली आणि खेतल्यांनी इटलीतले फोनचे बूथ पाहिले. ग्रामसेवक रजेवर. सरपंच म्हणाले, “लग्नात बुंदी मीच वाढली, पण असं लिहून देऊ कुठल्या कलमाखाली?” पिसाला सगळे तो कलता मनोरा हातानं धरल्याचे फोटो काढत होते, खेतले मनोऱ्याला पाठ करून फोनमध्ये भटजींचा पत्ता विचारत होते. भटजी वारले होते. फोन ठेवून त्यांनी मनोऱ्याकडं एक नजर टाकली. “ह्याला कम्प्लीशन सर्टिफिकेट मिळालं कसं?” म्हणाले आणि बसमध्ये जाऊन ब्रीफकेसशेजारी बसले.

एव्हाना सगळ्या बसला एकच चिंता. नाश्त्याला लोक एकमेकांना गुड मॉर्निंगऐवजी “आला का?” विचारत.

फ्लॉरेन्सच्या चित्रसंग्रहालयात मात्र ते बरोबर आले. गाइड एकेका जुन्या चित्राचा महिमा सांगत होती आणि मागून खेतल्यांचा निकाल येत होता. “हा कान दिसत नाही. रिजेक्ट.” “मान वाकडी. रिजेक्ट.” सोनेरी पार्श्वभूमीवरच्या देवमातांची एक अख्खी खोली त्यांनी दारातूनच फेटाळली. “बॅकग्राउंड पांढरा पाहिजे. आणि डोक्यामागं ते ताट कशाला?” बस हसून हसून लोळत होती. मी तर एका संगमरवरी सम्राटाच्या गुडघ्याचा आधार घेतला, म्हणून वाचलो.

मग खेतले थांबले. त्यांनी खोलीत सावकाश एक चक्कर मारली.

“सतरा चित्रं,” ते म्हणाले. “सगळ्यांत आई नि मूल. नवरा एकातपण नाही.”

गाइड काहीतरी धर्मातलं समजावून सांगू लागली, पण खेतल्यांनी तिला हातानं थांबवलं. “नाही, बरोबर आहे ते. नवरा बाहेर असणार. कामाला. त्याशिवाय एवढे भारी कपडे कुठून आले अंगावर?”

मी खो-खो हसलो. अदितीनं माझा शर्ट ओढला. “बाबा, डोन्ट लाफ,” ती म्हणाली. खेतले तोवर फोन शोधायला बाहेर पडले होते.

आणि व्हेनिसला, सहलीचा दीड दिवस उरलेला असताना, शालिनीवहिनी आल्या. विमानतळावरून येणाऱ्या बोटीतून, साडीवर भावाचा स्वेटर, पायात चपला आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला दोन-अडीच फुटांचा एक पत्रा. सगळा ग्रुप धक्क्यावर उभा. नाडकर्णींनी टाळ्यासुद्धा सुरू केल्या. खेतले सगळ्यात पुढं.

“आलीस?”

“मग काय. हे धरा आधी.”

ते ट्रंकेचं झाकण होतं. वहिनींनी माहेरची सगळी घरं पालथी घातली होती, तेव्हा आईच्या ट्रंकेत, झाकणाला आतून खळीनं डकवलेली लग्नपत्रिका सापडली. “सोडवायला गेले तर फाटायला लागली,” वहिनी सांगत होत्या. “म्हटलं, झाकणच नेऊ. बिजागरी काढली, वकिलाचा कागद सोबत घेतला नि ठेवलं व्हिसाच्या साहेबाच्या टेबलावर. तो म्हणाला, झेरॉक्स आणा, पुरे. मी म्हटलं नाही हो, आमच्या घरात ओरिजिनल दाखवतात.”

साहेब म्हणे उठून उभा राहिला. मला हे खरं वाटतं. मीही उभा राहिलो असतो.

खेतल्यांनी मग बायकोची ओळख करून दिली. “मिसेस. शालिनी श्रीधर खेतले. जन्मस्थान चिपळूण.” एवढं बोलले आणि त्यांचा साठा संपला. एकवीस मंत्रालयांच्या खिडक्यांशी भांडणारा हा माणूस बायकोशी थेट बोलेना. पुलावरून चालताना ते दहा पावलं पुढं, वहिनी आमच्या बायकांत. तहान लागली असेल म्हणून त्यांनी पाण्याची बाटली आणली, ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “माधवीवहिनींना सांगा, हिला विचारा.” शेवटच्या सुट्टीला दीड वर्ष होऊन गेलं होतं. पुढची अजून सहा महिने लांब होती. हातात होता दीड दिवस, आणि त्यातला अर्धा असा गेला.

वहिनी बाकी खूश होत्या. “पाणी दारात आलंय नि हसतायत काय लोक?” त्या माधवीला म्हणाल्या. “आमच्याकडं एवढं पाणी आलं की तलाठी येतो पंचनाम्याला.”

शेवटच्या दिवशी नाडकर्णींनी बजावलं, तीन तास मोकळे. चार वाजता सामानासह धक्क्यावर. बोट थांबणार नाही. तिथून विमानतळ. आमचं विमान दुबईला, वहिनींचं मुंबईला.

चारला सगळे हजर. खेतले पती-पत्नी नाहीत.

सव्वाचार. खेतले म्हणजे सकाळी आठला उघडणाऱ्या खिडकीसमोर पहाटे पाचला उभे राहणारे. नाडकर्णी घामानं निथळत होते. “यल्ला, कुणीतरी जा रे! विमान चुकलं तर मी एकेकाला पोहायला लावीन!” बोटवाला इटालियनमध्ये शिव्या देत होता, भाषा येत नसली तरी त्या अगदी स्वच्छ कळत होत्या.

मी धावलो. चाळीसेक पूल चढलो-उतरलो. माधवी म्हणते चारच होते. एका अरुंद गल्लीच्या टोकाला, जिथं दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात, तिथं ते दोघं दिसले. एस.टी.ची वाट बघत बसावं तसे. चपला, बूट काढून बाजूला ठेवलेले. बोलत नव्हते. काही बघत होते असंही नाही. समोर नुसती एक विटांची भिंत होती आणि तिच्यावर कुणाचे तरी वाळत घातलेले पायजमे.

मी हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटलं. आलो तसा परत गेलो.

“सापडत नाहीत,” मी नाडकर्णींना म्हणालो.

“अरे, मग पुन्हा जा!”

“पाय मुरगळला.”

पाच वाजायला दहा कमी असताना ते दोघं आले. खेतल्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. नाडकर्णींनी बोट सोडताना त्यांना जे काही सुनावलं ते इथं छापता येणार नाही, आणि विमानतळावर आम्ही ट्रॉल्या ढकलत जे पळालो त्यात निदान दोन जणांचा मधुमेह कायमचा बरा झाला. मुंबईचं विमान आधी होतं. वहिनी निघाल्या तेव्हा खेतल्यांनी त्यांच्या हातात प्रवासाचे कागद दिले, ओळीनं लावून.

आमचं विमान वर गेल्यावर मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. ते खिडकीतून बाहेर बघत होते. मला काही ठाऊक नाही, असा चेहरा मी केला.

“काय हो खेतले, तीन तास होता कुठं? काय काय बघितलंत?”

“काही नाही,” खेतले म्हणाले. “बसलो होतो.”