अमेरिकन कीबोर्ड आणि तिसगावचे सासरे

बिघडलेलं यंत्र मनातून दुरुस्त व्हायला तयारच असतं, फक्त समोरच्या माणसाने स्क्रू-ड्रायव्हर न घाबरता धरला पाहिजे, असं गहिनीनाथचं ठाम मत होतं. या मताच्या जोरावर त्याने घरातला मिक्सर दुरुस्त केला होता. तो तेव्हापासून बंद होत नसे. पंखाही दुरुस्त केला होता. तो आता खालची हवा वर नेत असे. पण गहिनीनाथच्या मते हे त्या वस्तूंचे स्वभावदोष होते.

केडगावात पुणे रस्त्याला त्याचं संगणकावर अक्षरजुळणी करून देण्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. दुकानात कॉम्प्युटर एकच, आणि त्याला एका बँकेने मोडीत काढलेला जुना कीबोर्ड. वजनाला पाट्यासारखा! प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग. टायपिंग सुरू झालं की पत्र्यावर गारा पडताहेत असं वाटून शेजारीण वाळत घातलेले कपडे काढायला धावे.

"अमेरिकन माल आहे!" गहिनीनाथ सांगे. "हल्लीचे कीबोर्ड म्हणजे रबरी चपला. आपण जाऊ, पण हा राहील!"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचे सासरे पुंजाराम तिसगावहून जीपने येऊन दाखल झाले. धाकट्या मुलीचं, म्हणजे गहिनीनाथच्या मेव्हणीचं, लग्न ठरलं होतं.

"जावईबापू, पत्रिका आज सांजच्याला हातात पायजेत. उद्या पहाटं निम्मं गाव ट्रकात बसून ऊस तोडायला चाललं."

"मग मामा, ती माणसं लग्नाला येणार कशी?"

"येनार न्हाईतच! पन पत्रिका न्हाई मिळाली, तर म्होरल्या उन्हाळ्यात घरी येऊन भांडत्याल. समदे म्हनत हुते, छापखान्यात टाका. मी म्हनलं, घरचा जावई कम्पुटरवाला असताना? माझं नाक तुमच्या हातात हाय!"

"तासाभरात जुळवतो! दुपारी छापून तुमच्या हातात!" गहिनीनाथने बोटं मोडली, खुर्ची ओढली आणि पहिलं बटण दाबलं.

बटण खाली गेलं आणि तिथेच राहिलं. पडद्यावर एकाच अक्षराची फौज निघाली. ओळ भरली, पान भरलं, तरी फौज थांबेना! त्याने घाईघाईने दुसरं बटण दाबलं, तर ते गाढवासारखं पाय रोवून उभं.

पुंजाराम खुर्ची पुढे सरकवून कौतुकाने पाहत होते. "लई सपाट्यानं छापतंय की!"

"ही... चाचणी आहे, मामा."

गहिनीनाथने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायर काढून लावली. कीबोर्डावर फुंकर मारली, मग चापट मारली. मग समोरच्या दुकानातून नवाकोरा कीबोर्ड मागून आणला, पण त्याची पिन या जुन्या कॉम्प्युटरला बसेना.

"त्येल सोडा," पुंजाराम म्हणाले. "आमच्या इंजनाला त्येल सोडलं की गुमान चालतंय."

"मामा, हे नाजूक काम आहे."

तासाभराने गहिनीनाथने तेल सोडलं. आता बटणं खाली जाताना सुळकन जात आणि वर यायचं नावच काढत नसत.

"उघडतो!" तो म्हणाला. आतून अश्विनीने हे ऐकलं आणि मिक्सरची आठवण होऊन ती पदर खोचत बाहेर आली. पण तोवर स्क्रू निघाले होते. गहिनीनाथने वरचं झाकण उचललं, मग धातूची पट्टी उचकटायला स्क्रू-ड्रायव्हर जोरात घातला मात्र, फटाक्यांच्या माळेसारखा आवाज झाला आणि साऱ्या स्प्रिंगा एकदम उधळल्या! काही कपाटाखाली, काही चिवड्याच्या बशीत, एक पुंजारामांच्या पटक्यात.

"आगं आय्यो! चावतंय का काय ह्ये?"

गहिनीनाथचं तिकडे लक्ष नव्हतं. तो कीबोर्डाच्या पोटात बघत होता. तिथे तांदळाचे दाणे होते. झेंडूच्या पाकळ्या होत्या. कुंकवाचा चिखल होता आणि त्या सगळ्याला धरून ठेवणारा एक पांढरट, चिकट थर होता.

"हे काय आहे?"

"पंचामृत," अश्विनी शांतपणे म्हणाली. "खंडेनवमीला पूजा नाही का केली? तुम्हीच म्हणाला होतात, ज्यावर आपलं पोट चालतं त्याची पूजा करायची."

"अगं, मग त्या पडद्याची करायची!"

"तो उभा. ओघळ येतात. हा बरा, पाटासारखा आडवा. सगळं जागच्या जागी राहतं."

"राहिलंय ना! त्यात मध असतो, साखर असते!"

"केळंही होतं. अर्धंच घातलं."

पुंजारामांचा चेहरा उजळला. "लेकीनं रीत सोडली न्हाई! आमी बी इंजनाची पूजा करतो. कंदी बिघडलं न्हाई."

"मामा, इंजिनाला बटणं नसतात!"

"मंग ह्याला कशापायी लावली येवढी?"

अश्विनीने बटणं निरम्याच्या पाण्यात घातली, घासली आणि सुपात घालून गच्चीवर वाळवली. कांद्याबटाट्याचा भाव करावा तितक्या सहजपणे तिने चिवड्यातून स्प्रिंगा निवडल्या. गहिनीनाथ दात घासायच्या ब्रशाने पंचामृत खरवडत बसला. पुंजाराम थोडा वेळ जावयाकडे बघत राहिले, मग घड्याळाकडे. मग म्हणाले, "तुमचं चालू द्या. मी जरा पाय मोकळं करून येतो."

मग सुरू झाली खरी परीक्षा! बटणं सगळी होती, पण कुठलं कुठे बसायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. एक बटण बसवावं तर शेजारचं टुणकन उडे. एक स्प्रिंग काही केल्या सापडेना, म्हणून बॉलपेनातली घातली. तिसऱ्या प्रहरी गहिनीनाथच्या केसांत ग्रीस, भुवईवर कुंकू आणि तोंडात नुसत्या शिव्या उरल्या. त्याही अमेरिकेला!

आणि ऊन कलता कलता कीबोर्ड वाजला. कट् कट् कट् कट्! एकेक बटण खाली जाऊन सैनिकासारखं वर येत होतं. शेजारीण कपडे काढायला धावली!

"अश्विनी! चालला! मामांना बोलव!"

पुंजाराम दारातच उभे होते. काखेत कागदात बांधलेला गठ्ठा होता आणि त्याला ताज्या शाईचा वास येत होता.

"त्या कोपऱ्यावर छापखाना हाय न्हवं, त्या सूर्यभानाचा? त्याच्याकडनं घेतल्या छापून. अक्षरांचं खिळं जुळवताना म्होरंच बसलो हुतो. तुमी कामात हुता, म्हनलं कशाला तरास द्यायचा?"

गहिनीनाथचा चेहरा सुपातल्या बटणासारखा कोरडा पडला. एवढा दिवस, एवढी झटापट, आणि जावई असून पत्रिका परक्याच्या हातच्या! आता तिसगावात तोंड कसं दाखवायचं?

"नाराज होऊ नगा," पुंजाराम म्हणाले आणि त्यांनी एक पत्रिका पुढे केली. "तुमचा मान मी सोडला न्हाई. वाचा खाली."

खाली, नवरदेवाच्या नावापेक्षाही ठळक खिळ्यांत, छापलं होतं: 'आमचे थोरले जावई, संगणकतज्ज्ञ श्री. गहिनीनाथ, केडगाव.'

गहिनीनाथने पत्रिका उजेडात धरली. एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग मागे वळून अश्विनी ऐकत नाही ना हे पाहिलं आणि बारीक आवाजात विचारलं, "मामा, याच्या दोन-तीन जास्तीच्या मिळतील का? दुकानात लावायला होतील."